धोंडूच्या नावाचं गाऱ्हाणं

ऑक्टोबर निम्मा सरला तरी हवा अंगाला चिकटत होती. खाडीकडून वारा येत नव्हता, ओल्या चिखलाचा वास तेवढा येत होता. सकाळी साडेपाचला कन्नमवार नगरातल्या आपल्या बिल्डिंगच्या पंपघरात गुणाजी घाडी उकिडवा बसून पाइपला कान लावून ऐकत होता. पाणी यायच्या आधी पाइपात नुसती हवा शिट्टी घालते, मग खुळखुळ होते, मग भरीव आवाज चढतो. त्या भरीव आवाजाला बटण दाबायचं. आधी दाबलं तर मोटर जळते. विक्रोळीच्या कारखान्यातून रिटायर झाल्यापासून सात वर्षं हे काम त्यानं आपणहून अंगावर घेतलं होतं. बिल्डिंगीतली एकही मोटर त्या सात वर्षांत जळली नव्हती.

चौथ्या मजल्यावरचा विकी कॉल सेंटरची ड्यूटी संपवून आला तो सरळ पंपघरातच घुसला.

"घाडीकाका, तुमचा ट्रेलर आला ना."

"कसलो ट्रेलर?"

"गेमचा हो, 'सातवी वेस'चा. तुमच्या दीप्तीच्या स्टुडिओनं काढलाय तो. चार वर्षं लटकवलंय यार त्यांनी. आमच्या ऑफिसात अर्धे लोक वाट बघतायत. हे बघा."

त्यानं मोबाइल समोर धरला. हातानं काढलेली चित्रं चालत होती. तांबड्या मातीची पाणंद, दोन्ही बाजूंना पोफळी, हातात कंदील घेऊन एक मुलगी चालली होती. पाणंद संपली तिथं देऊळ. देवळापुढं एक म्हातारा पाठमोरा उभा. आणि त्या पाठमोऱ्या म्हाताऱ्यातून गुणाजीचा आवाज आला.

"...ज्यानं माझो मान खाल्लो, तेचो घास घशाखाली उतरा नये. तेका झोप गावा नये. धोंडू म्हणतत तेका, तो आज तुझ्या पायाकडे टाकलंय. तुझां तू बघून घे रे म्हाराजा."

पडदा काळा झाला. त्यावर अक्षरं उमटली: तुम्ही काय म्हणाल? खाली एकतीस तारीख.

"इथं बटण दाबायचं, काका," विकी म्हणाला. "दाबलं की आपणच म्हणतो, व्हय म्हाराजा. काटा आला अंगावर. वाट लावलीत तुम्ही."

पाइपातला भरीव आवाज केव्हाच सुरू झाला होता आणि गुणाजीला तो ऐकूच आला नव्हता.

घाडी हे नुसतं आडनाव नव्हे, ते काम आहे. कणकवलीपासून आत दीड तासावर त्यांचं गाव, आणि गावच्या देवळापुढं उभं राहून गाऱ्हाणं घालायचा, गावाचं मागणं देवाच्या कानावर घालायचा मान घाडी घराण्याचा. बाप गिरणीत लागला तरी शिमग्याला गावी जाऊन मान राखून यायचा. बापानंतर गुणाजी. मुंबईतसुद्धा कन्नमवार नगरापासून भांडुपापर्यंत कुणाच्या घरची वास्तुशांत, कुणाची साखरपुड्याची सुपारी, कुणाची नवी रिक्षा, गुणाजीला बोलावणं यायचंच. तो डावा पाय पुढं टाकून उभा राहायचा, हातात नारळ, डोळे अर्धे मिटलेले. सीमेवरला, वाटेवरला, पाण्याकाठचा, सगळ्या राखणदारांना नावानं हाका मारायचा, आणि दर वाक्यामागं जमलेली माणसं एका सुरात म्हणायची, व्हय म्हाराजा. बाप सांगायचा, घाडी नुसता बोलतो रे, मागची माणसं व्हय म्हणतात तेव्हा ते देवाला पोचतं.

तीन वर्षांपूर्वी शिमग्याला गुणाजीची गाडी चिपळूणजवळ अडकली. तो गावात पोचला तेव्हा धाकट्या भावानं, राजेशनं, गाऱ्हाणं घालून टाकलेलं. तासाभराचाच उशीर होता. "थांबाक काय झालेला तुका?" गुणाजीनं चारचौघांत विचारलं. राजेश म्हणाला, "मुहूर्त टळत होतो. आणि तुझो आवाज आता चिरकता, दादा. लोक हसतत." त्या दिवसापासून विक्रोळीचा भाऊ मुलुंडच्या भावाशी बोलत नव्हता.

राजेशची मुलगी दीप्ती मात्र दोन्ही घरांत यायची. अंधेरीच्या ॲनिमेशन स्टुडिओत ती मागची चित्रं रंगवायची. पोफळी, विहिरी, कौलं. एका गेम कंपनीबरोबर त्यांनी हा खेळ काढायला घेतला होता. खेळणाऱ्यानं गावातल्या कुणाचाही अवतार घ्यायचा आणि गावाचं काय होणार ते ठरवायचं. गावात गाऱ्हाणं घालणारा म्हातारा हवाच होता, आणि दीप्तीनं मोठ्या काकांना नेलं.

गेल्या वर्षीच्या जूनमधली गोष्ट. आवाजाचं काम बघणारी इरावती गोड पोरगी होती. दोन दिवसांत तिनं पाच गाऱ्हाणी रेकॉर्ड केली. पेरणीचं, लग्नाचं, होडीचं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काका, आता एक उलटं हवंय. गावचा घाडी आपल्या वैऱ्याला देवापुढं टाकतो, असं."

"तां नाय करूचा," गुणाजी म्हणाला. "तसला हसण्यावारी घालूचा नसता."

तिचं पडलेलं तोंड बघून त्यालाच वाईट वाटलं. मग त्यानं मनाशी हिशेब मांडला. हातात नारळ नसेल तर ते गाऱ्हाणं कसलं, नुसतं बोलणं. नाटकात राक्षस होणारा माणूस काय राक्षस होतो? त्यानं नारळ बाहेरच्या खुर्चीवर नेऊन ठेवला आणि मोकळ्या हातानं माइकपुढं उभा राहिला.

"कुणाचंही नाव घ्या," इरावती म्हणाली. "नंतर बदलू. फक्त राग खरा पाहिजे."

राग खरा होता. नावही तोंडावर आलं होतं. पण काचेपलीकडं दीप्ती बसलेली. पोरीसमोर तिच्या बापाचं नाव कसं घ्यायचं? म्हणून पोरीला ठाऊक नसलेलं नाव त्यानं घेतलं. राजेशच्या आधीची दोन पोरं पाळण्यातच गेली होती. तेव्हा आजीनं ह्याचं नाव धोंडू ठेवलं. नेणारा आला तर त्याला वाटावं, दगड आहे, आणि तो पुढं जावा. शाळेत मास्तरांनी राजेश लिहिलं. आजीनं सगळ्यांकडून शपथ घेतली होती, जुनं नाव उंबऱ्याबाहेर कुणी काढायचं नाही.

गुणाजीनं ते काढलं. आणि दोन दिवस ऐकून ऐकून सवय झालेली काचेपलीकडची पाच-सहा पोरं खेळीमेळीत एका सुरात म्हणाली, व्हय म्हाराजा. दीप्तीही म्हणाली.

तो बाहेर आला तेव्हा खुर्चीची गादी भिजली होती. नारळाला उभा तडा गेला होता. "एसीमुळं असेल," इरावती म्हणाली.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी दीप्ती फराळाचा डबा घेऊन आली. गुणाजीची बायको वनमाला चहा टाकायला उठली.

"पप्पा कसे आसत?" गुणाजीनं विचारलं. आजवर त्यानं हे कधी विचारलं नव्हतं. दीप्ती चमकली.

"बरे नाहीत हो. घास अडकतो त्यांना. गेल्या पावसाळ्यापासून जरा जरा होतंच, आता फार वाढलंय. रव्याचा लाडूसुद्धा दुधात कुस्करून खाल्ला. दुर्बीण घालून बघितलं, तुकडा काढून तपासायला दिलाय." मग ती हसली. "पण ट्रेलर बघतात सारखे. रोज. म्हणतात, दादाचा आवाज बाकी तस्साच आहे."

ती गेल्यावर गुणाजीनं वनमालाला सगळं सांगितलं. ती हातातली चाळण तशीच धरून ऐकत राहिली.

"धोंडू म्हणालात?"

"व्हय."

"तुमच्या जिभेक हाड नाय, तां माका लग्नाच्या दिवशीच कळला होता," ती म्हणाली. "पण एवढा? आजीनं शपथ घातल्यानी होती. आता जावा त्या पोरीकडे आणि सांगा, नाव काढ म्हणान."

दुसऱ्याच दिवशी लिंक रोडच्या बसनं तो अंधेरीला गेला. स्टुडिओत सगळ्यांनी एकसारखे काळे टी-शर्ट घातले होते. भिंतीवर मोठा आकडा लावलेला, उरलेल्या दिवसांचा. पोरं त्याला बघून उठून उभी राहिली. एकानं पायाला हात लावला.

इरावतीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ती हसली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"काका, गेम लॉक झाला. आता एक शब्द हलवायचा तरी सगळं पुन्हा तपासून घ्यावं लागतं. आणि ते एका जागी राहिलेलं नाही हो. तुम्ही असं काही घेतलंत ते नाव की आम्ही पात्रच धोंडू केलं. नायिकेचा बाप. महिन्याभरानं सुधारून पाठवता येईल. प्रयत्न करते."

"आणि ता बटण?"

"ते सगळ्यांचं मिळून मोजलं जातं. गाऱ्हाण्याला व्हय म्हणायचं की गप्प राहायचं, ज्याचं त्यानं ठरवायचं. पण पाच लाख वेळा व्हय झालं की सगळ्यांसाठी पुढचं दार उघडतं. आमचा अंदाज आहे, तीन-चार दिवस लागतील."

"दार उघडला की धोंडूचा काय होता?"

इरावती त्याच्याकडं बघत राहिली. "ते बाहेर सांगायचं नाहीये, काका. पण तुम्हाला काय वाटतं? तुम्हीच घातलंय ना." मग तिनं खाली वाकून हळूच विचारलं, "धोंडू कोण आहे?"

दारात दीप्ती उभी होती. तिच्या हातात चहाचे दोन कप होते.

"कोण नाय," गुणाजी म्हणाला. "आसाच नाव."

घरी आल्यावर वनमालानंच आठवण काढली. "मामंजींनी एकदा असला गाऱ्हाणा उतरवल्यानी होता. वरच्या वाडीतल्या माणसाचा. तेच्या हातात नारळ दिल्यानी, आणि तेणां तो आपणहून घेतल्यान. तेव्हा सुटलो."

"माका ठावक असा."

"मग बसलात कित्याक?"

गुणाजी बसला होता कारण नारळ द्यायचा तर सांगावं लागणार, आणि सांगायचं तर मुलुंडचा जिना चढावा लागणार. आठ दिवस तो बसला. एकतीस तारखेला, शुक्रवारी, सकाळी पंप बंद करून त्यानं धुतलेला शर्ट घातला, पिशवीत नारळ टाकला आणि मुलुंडची बस पकडली. गेम साडेदहाला उघडणार होता.

दार राजेशच्या बायकोनं, उत्तरानं उघडलं. तीन वर्षांनी मोठे दीर दारात उभे होते. "या भावोजी," एवढंच म्हणाली आणि बाजूला झाली.

हॉलमध्ये टीव्हीला कॉम्प्युटर जोडला होता. पडद्यावर तीच पाणंद, आणि वेळ उलटा पळत होता. दीप्ती खाली बसलेली, तिला ऑफिसनं आज सुट्टी दिली होती. राजेश आरामखुर्चीत होता. सदऱ्याच्या कॉलरमध्ये आणखी एक मान मावली असती.

"इलंस?" तो म्हणाला.

"इलंय."

"नारळ कित्याक?"

गुणाजीनं दीप्तीकडं बघितलं. "बाय, तू जरा आत जा."

"जावची नाय ती," राजेश म्हणाला. "तिणाच रंगवल्यान ना सगळा? ऐकांदे. माका ठावक असा, दादा. पयल्याच दिवशी ऐकलंय. ह्या नाव जाणणारी माणसां आता दोन उरली, एक तू आणि एक वैनी. तीन वर्सा माझा नाव तोंडात घेतलंस नाय. घेतलंस तां ह्यां."

"कुठलं नाव, पप्पा?" दीप्तीनं विचारलं. ती एकदा बापाकडं आणि एकदा काकांकडं बघत राहिली. मग तिनं हातातला रिमोट हळूच जमिनीवर ठेवला, गरम भांडं ठेवावं तसा. "तुम्ही मला सांगितलं का नाही? दोन आठवडे होते."

"काय केलं असतंस सांगून?" राजेश तिला म्हणाला. "चार वर्षं दोनशे माणसं राबली. माझ्या एका जुन्या नावासाठी बंद केलं असतंस? आणि खरं सांगू, चित्रं फार चांगली झालीत. आपली विहीर काढलीस तू."

"तू नारळ घे," गुणाजी म्हणाला.

"नाय घेवचो."

"राजा, घे."

"तुझ्या हातचो घेतलंय म्हणजे तुझ्यापुढे हात पसरलंय. म्हणजे शिमग्याक मीच चुकलंय. तशी कबुली होया असात तर तसा सांग."

"चुकलंस तर चुकलंसच. तासभर थांबाक काय—"

"दोघं गप्प बसा," उत्तरा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "दहा वाजून दहा मिनिटं झालीत. ह्यांनी काल दिवसभरात वाटीभर पेज प्यायली. तुमचा मान ज्याला हवाय त्यानं घ्या, पण ते आधी उरका."

पडद्यावरचा वेळ पळत होता. गुणाजीनं घसा खाकरला.

"तू चुकलंस नाय," तो म्हणाला. "माझो आवाज चिरकता. तू म्हणालंस तां खरा होता. मुहूर्त टळत होतो. तू घातलंस तां बरोबर केलंस."

एवढं बोलायला त्याला तीन वर्षं लागली होती. राजेश खुर्चीचे हात धरून उठला, उभा राहिला आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली.

गुणाजीनं नारळ त्या ओंजळीत ठेवला, पण आपला हात काढला नाही. डावा पाय पुढं टाकला. सीमेवरल्याला हाक मारली, वाटेवरल्याला, पाण्याकाठच्याला. उत्तरा आणि दीप्ती मागं उभ्या राहून व्हय म्हाराजा म्हणत होत्या, दोनच बायका, त्यातली एक रडत होती. "...माझ्या तोंडातसून जा काय वाकडा गेला," गुणाजी म्हणाला, "ता आज मी माघारी घेतंय. हो जो तुझ्या पायाकडे टाकलेलो, हो माझो भाव, हो..."

नावाशी आवाज अडकला. त्यानं पुन्हा जोर केला, तर नुसती हवा निघाली. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. अर्ध्यावर सोडलेलं गाऱ्हाणं न घातलेल्यापेक्षा वाईट, हे दोघाही भावांना लहानपणापासून ठाऊक. राजेशनं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि बसक्या घशानं पुढचं स्वतः उचललं.

"हो जो धोंडू, तेका मोकळो कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

पण गाऱ्हाणं नुसतं मोकळं करून संपत नाही, शेवटी काही चांगलं मागावंच लागतं. राजेश थांबला नाही. सवयीनं, बापाच्याच चालीत, तो पुढं म्हणाला, "आणि ह्या माझ्या चेडवान चार वर्सा घाम गाळून जो खेळ केल्यान, तेका भरभरून यश दी. लाखांनी माणसां येवंदेत. तिच्या हाताक यश दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," उत्तरा म्हणाली. दीप्ती म्हणाली. गुणाजीही म्हणाला. म्हणून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं, लाखांनी येणारी माणसं तेच बटण दाबणार. पोरीसाठी बापानं मागितलेलं, त्याला नको कसं म्हणायचं? आणि आता म्हणून तरी काय.

राजेशला कळलं की नाही, त्याच्या चेहऱ्यावरून समजलं नाही. उत्तरानं नारळ फोडला. पाण्याचा एक घोट राजेशनं तोंडात घेतला, मान मागं टाकली. घोट उतरला.

साडेदहाला पडदा आपोआप उजळला. मुलगी कंदील घेऊन पाणंदीच्या तोंडाशी उभी राहिली. दीप्तीनं रिमोटला हात लावला नाही. पण कोपऱ्यात व्हयचा एक बारीक आकडा होता, तो आधी शून्य होता. दहा-बारा मिनिटांत त्याचे सात झाले. मग चाळीस. मग दोनशे बारा.

"बंद कर ता," उत्तरा म्हणाली.

"मी बंद केलं तरी तो चालूच राहणार, आई," दीप्ती म्हणाली.

गुणाजी बारा वाजता घरी पोचला. वनमालानं भिजवलेले वाल परातीत काढून ठेवले होते.

"घेतल्यान?"

"घेतल्यान."

"मग?"

"रिपोर्ट सोमवारी असा."

वरच्या मजल्यावर विकीनं खिडक्या उघड्या टाकल्या होत्या, त्यानंही आज रजा काढलेली. तिथून गुणाजीचा आवाज खाली येत होता. सीमेवरल्याला हाक, वाटेवरल्याला हाक. मग ते दुसरं. मग थोडा वेळ शांत, बटण दाबायला लागतो तेवढा. मग खूप माणसांचा एक सूर.

"सालां नीट काढा, कालच्यासारखी अर्धी ठेवू नका," वनमाला म्हणाली.

त्यानं परात पुढ्यात ओढली, मांडी घातली आणि एकेक वाल चिमटीत धरून सोलायला लागला.